मीटर, टायर आणि तेरा सेंटिमीटर

टायरच्या कडेवर आकडे कोरलेले असतात. २१५/७५ आर १५, असे काहीतरी. गाडी धुताना त्यांवरून रोज हात फिरतो, पण ते वाचतो कोण? मी मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस. मलाही ते वाचायची वेळ गेल्या वर्षी आली, आणि तीही एका माणसाच्या इमानाचा प्रश्न निघाला म्हणून.

आधी त्या आकड्यांचा अर्थ सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे रबराच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे १६१ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे आतल्या लोखंडी रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचांत! एकाच ओळीत मिलिमीटर, टक्का आणि इंच. आमच्या शाळेत एखाद्या मुलाने एकाच उत्तरात अशी तीन मापं लिहिली असती तर लाल पेन्सिल फिरली असती. पण जगभर हे असंच चालतं. असो. रिमचे ३८१ मिलिमीटर, अधिक वरची नि खालची भिंत, मिळून चाकाचा व्यास झाला साधारण ७०३ मिलिमीटर.

माझा भाचा पाटणजवळ असतो. त्याची बोलेरो एका कार्यालयाला किलोमीटरच्या दराने भाड्याने लावलेली आहे. गाडीवर ड्रायव्हर होता, अकरा वर्षं तोच. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. आठवड्यातून दोन-तीनदा कुंभार्ली घाट, एरवी कऱ्हाड-सातारा. भाच्याची वही चोख. प्रत्येक वेळी भरलेलं डिझेल, मीटरचा आकडा, सगळं लिहिलेलं. गाडी वर्षानुवर्षं लिटरला १४ देत होती. गेल्या पावसाळ्याआधी जुने टायर पार गुळगुळीत झाले म्हणून बदलले. दुकानदार म्हणाला, हे एक माप मोठे घाला, २३५/७५ आर १५, रिम तीच चालते, गाडी उंच दिसते, रुबाब येतो. भाच्याने घातले. आणि त्या महिन्यापासून ॲव्हरेज आलं १३.

महिन्याला मीटरवर अडीच हजार किलोमीटर पडतात. १४ने भागा, १७९ लिटर. १३ने भागा, १९२. म्हणजे महिन्याला १३-१४ लिटर डिझेल कुठेतरी जातंय. बाराशे रुपये. एक महिना झाला, दोन झाले, तीन झाले. चौथ्या महिन्यात भाच्याने वहीत ड्रायव्हरच्या नावापुढे लिहिलं, "१४ लि. कमी". तोंडाने काही बोलला नाही. ड्रायव्हरने ते वाचलं, गाडीची चावी टेबलावर ठेवली आणि घरी गेला.

मी दोन दिवसांनी तिथे पोचलो, बहिणीकडे सहज म्हणून. घरात सगळ्यांचे चेहरे उतरलेले. भाचा म्हणाला, "मामा, मला तरी कुठं वाटत होतं त्याच्यावर शंका घ्यावी? पण आकडा खोटं बोलतो का?"

आकडा खोटं बोलत नाही हे खरं, पण तो कशाचा आकडा आहे हे विचारावं लागतं. मी त्याला विचारलं, या चार महिन्यांत गाडीत बदललं काय? तो म्हणाला, "काहीच नाही. टायर सोडले तर." मग म्हणाला, "टायरनं काय फरक पडतोय? चाक ते चाक."

गोठ्याच्या कडेला एक जुना झिजलेला टायर पडला होता. बहिणीच्या शिवणाच्या टेपने त्याचा घेर मोजला. २१७ सेंटिमीटर. मग गाडीच्या नव्या टायरचा मोजला, गाडी जॅकवर चढवून. २३० सेंटिमीटर. एका फेरीत तेरा सेंटिमीटरचा फरक.

आता मीटर बिचारं काय करतं? ते रस्ता मोजत नाही, फेऱ्या मोजतं. इतक्या फेऱ्या झाल्या की एक किलोमीटर, हे कारखान्यात एकदा ठरवून दिलेलं असतं. टायर केवढा आहे हे त्याला कोणी सांगत नाही. ही युक्ती फार जुनी. दोन हजार वर्षांपूर्वी व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुकाराने अशीच गाडी वर्णन करून ठेवली आहे. चाकाची एक फेरी साडेबारा फुटांची, ४०० फेऱ्या झाल्या की पाच हजार फुटांचा रोमन मैल भरला, आणि दर मैलाला एक खडा भांड्यात टणकन पडायचा. त्याच गाडीला कोणी मोठं चाक लावलं असतं तर खडे कमी पडले असते, आणि गाडीवानाने मैल चोरले असं रोममध्येही कोणीतरी म्हटलं असतं!

तर आमचा हिशेब. झिजलेल्या टायरवर गाडी खरं चालायची त्यापेक्षा मीटर थोडं जास्त दाखवत होतं. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते, झिजून दीडेक उरली की व्यासात बारा-तेरा मिलिमीटर जातात, जवळपास पावणेदोन टक्के. म्हणजे ते "लिटरला १४" थोडं फुगवलेलंच होतं. उलट नव्या मोठ्या टायरवर मीटर चार टक्के कमी दाखवू लागलं. दोन्ही मिळून सहा टक्क्यांची उडी. १४ला १.०६ने भागलं की १३.२ येतात. म्हणजे १३-१४ लिटरांपैकी ११ लिटर डिझेल कुठेही गेलं नव्हतं, गाडीनेच जाळलं होतं, खऱ्या रस्त्यावर, फक्त वहीत न दिसलेल्या किलोमीटरांवर. उरलेले दोन-अडीच लिटर? टायर रुंद झाला, जड झाला, घाटात इंजिनाला ते ओढावं लागतं. शिवाय मोठं चाक म्हणजे प्रत्येक गिअर थोडा जड झाल्यासारखाच.

भाच्याला कागदावरचं पटेना. दुसऱ्या दिवशी हायवेवर गेलो. उंब्रजच्या पुढे साताऱ्याच्या दिशेने किलोमीटरचे वीस दगड मोजले. मीटरवर १९.२. तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे भाड्याचं बिलपण मी कमीच लावतोय की." होय! महिन्याला शंभरेक किलोमीटर फुकट.

गंमत पुढेच आहे. परतताना मी मोबाइलवर जीपीएसचा वेग लावून ठेवला होता. काटा ८०वर स्थिर ठेवला तर मोबाइल म्हणे ७९. म्हणजे किलोमीटरचा आकडा चुकला पण वेगाचा काटा जवळजवळ अचूक! एकच टायर, एकच चाक, मग असं कसं? तर काटा मुळातच थोडा पुढे ठेवलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाचा ३९ क्रमांकाचा नियम आहे, त्यात स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवलं तर चालेल, दहा टक्के अधिक चार किलोमीटरपर्यंत. खरा वेग ८० असेल तर काटा ९२पर्यंत गेला तरी नियमात बसतो. म्हणून कंपन्या काटा मुद्दाम पुढे ठेवतात. मोठ्या टायरने ती सगळी शिल्लक खाऊन टाकली. इथवर ठीक. पण ज्या गाडीत शिल्लक कमी, तिथे काटा ८० दाखवेल आणि गाडी ८३ने जाईल. वेग चार टक्के वाढला की ब्रेक मारल्यावर थांबायचं अंतर आठ-नऊ टक्के वाढतं, कारण तिथे वेगाचा वर्ग येतो. घाटाच्या उताराला हे मला बरं वाटत नाही. रुबाबापेक्षा कंपनीने सांगितलेलं माप बरं, असं मी भाच्याला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, आता सोळा हजार गेले मामा, झिजेपर्यंत राहू देत.

जुन्या जीपमध्ये निदान काटा थरथरायचा तरी. गिअरबॉक्सपासून एक केबल यायची, तिच्या टोकाला लोहचुंबक फिरायचं, त्याच्या ओढीने ॲल्युमिनिअमची वाटी वळायची आणि केसासारखी स्प्रिंग तिला मागे खेचायची. ऑटो शुल्झ नावाच्या जर्मन माणसाने १९०२मध्ये याचं पेटंट घेतलं. केबल तुटली की काटा शून्यावर झोपायचा, मग ड्रायव्हर इंजिनाच्या आवाजावर गाडी हाकायचे. थरथरणाऱ्या काट्यावर कोणी कोणाला चोर ठरवत नसे. आता डिजिटल आकडे आले, दशांश चिन्हासकट, त्यामुळे विश्वास फार बसतो.

त्याच संध्याकाळी भाचा ड्रायव्हरच्या घरी गेला. मला बरोबर चला म्हणाला, मी गेलो नाही. ते त्याने एकट्यानेच करायचं होतं. वही नेली होती, त्या ओळीखाली सगळा हिशेब लिहून. ड्रायव्हरने चहा दिला, वही वाचली, आणि म्हणाला, "तोंडानं चोर म्हणाला असता तर भांडलो असतो. लिहून ठेवलंत, त्याला काय बोलायचं?" कामावर यायचं मात्र त्याने कबूल केलं नाही. सध्या दुधाच्या टेम्पोवर आहे. दिवाळीनंतर बघू, एवढंच म्हणाला.

भाच्याने मीटरशेजारी एक चिठ्ठी चिकटवली आहे, "× १.०४". टायर झिजत गेले की ती १.०२ करावी लागेल, हे त्याला सांगून ठेवलंय.