टपाल या हातातून त्या हातात

एक मेल सर्व्हर दुसऱ्याच्या हाती पत्र देतो, तेव्हा अख्खा मजकूर मिळाल्यावर घेणारा एक आकडा परत पाठवतो: २५०. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिलेल्या, मेलच्या देवाणघेवाणीच्या म्हणजे एसएमटीपीच्या नियमपत्रात हा आकडा आहे आणि आजही तोच चालतो. १९८९ सालच्या आरएफसी ११२३ या नियमपत्राने त्यामागची जबाबदारी स्पष्ट केली. २५० म्हटलंत की पत्र तुमचं. ते पोचवा, नाहीतर पोचलं नाही असं पाठवणाऱ्याला कळवा. नंतर मशीन बंद पडलं ही सबब नाही. भोसरी-चाकणकडच्या कारखान्यांचे मेल सर्व्हर मी सांभाळतो. जुना काढून नवा बसवायची वेळ आली की माझा सगळा विचार या आकड्यापासून सुरू होतो. तान्हं मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर देताना दुसरीने नीट धरल्याशिवाय पहिली हात सोडत नाही. तसंच इथेही. कोणत्याही क्षणी, प्रत्येक पत्राला, कोणीतरी एक धनी हवाच.

आपलं टपाल कुठे टाकायचं हे जगाला डीएनएसमधली एमएक्स नोंद सांगते. ती किती वेळ लक्षात ठेवायची तो काळ, म्हणजे टीटीएल, पुष्कळ ठिकाणी ८६,४०० सेकंद, पुरा एक दिवस असतो. तो ३०० सेकंदांवर आणावा लागतो, आणि तोही बदलाच्या दोन-तीन दिवस आधी. कारण ज्यांनी जुनी नोंद उचलली आहे ते तिची मुदत संपेपर्यंत पुन्हा विचारायला येतच नाहीत. एवढं करूनही काहीजण जुन्याच दारात उभे राहतात. म्हणून बदलाच्या दिवशी जुना सर्व्हर बंद करायचा नाही. त्याने टपाल घेत राहावं आणि नव्याकडे सरकवत राहावं.

काही तास सर्व्हर बंद असला तरी पत्र सहसा हरवत नाही, हे खरं आहे. पाठवणाऱ्याने थोड्या थोड्या वेळाने पुन्हा यावं, चार-पाच दिवस येत राहावं, असं नियमच सांगतो. मात्र नकार चारच्या आकड्याने सुरू होणारा हवा, ‘आत्ता नाही, नंतर या’ असा. नव्या सर्व्हरवर एखाद्याचं खातं उघडायचं राहिलं आणि ५५० गेला, की पत्र तिथूनच परत फिरतं. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये ‘सॉफ्ट बाउन्स’ नावाची सोय आहे. ती चालू असली की कायमचा नकार तात्पुरता होतो आणि चूक दुरुस्त करायला अवधी मिळतो. बदलाच्या रात्री ती चालू ठेवल्याशिवाय मी पुढे जात नाही. तरी दुसऱ्याच्या धीरावर भिस्त ठेवणं मला पटत नाही. परचेस ऑर्डर चार तास उशिरा आली तर डिस्पॅचवाल्याचा दिवस गेला, नियमात ते बसत असलं तरी.

बहुतेक ठिकाणी असली कामं शनिवारी रात्री करतात. आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, म्हणून बुधवारी रात्री दुसरी पाळी सुटायच्या सुमाराला मी बसतो. पण गुरुवारी मुंबई, चेन्नई, परदेश सगळे कामावर असतात. आपल्या सुट्टीतही आवक जोरात असते, आणि ती बघायला आपण जागेवर असावं लागतं.

इथवरचा भाग शिकता येतो. खरं काम त्याच्या खूप आधी, लोकांच्या टेबलाशी बसून होतं. अकाउंट्समधल्या ताईंनी एकदा मला विचारलं, “दादा, माझे न वाचलेले मेल तसेच राहतील ना?” बिल पास होईपर्यंत त्याचा मेल न वाचलेला ठेवायचा, ही त्यांची कामाची वही होती. वाचून झालेला मेलही त्या पुन्हा न वाचलेला करून ठेवायच्या. नवा सर्व्हर सगळं टपाल ‘वाचलेलं’ म्हणून दाखवू लागला तर एकही पत्र न हरवता त्यांची अख्खी वही पुसली जाते. सर्व्हरवरचं टपाल वाचायच्या आयमॅप पद्धतीत प्रत्येक पत्राबरोबर वाचल्याची, उत्तर दिल्याची, तारा लावल्याची खूण असते, सर्व्हरकडे आल्याची तारीखही असते. फ्रान्सच्या जिल लामिराल यांचं आयमॅपसिंक हे साधन या खुणा आणि तारखा सोबत नेतं. पहिली फेरी आठवडाभर आधीच करून ठेवायची, मग रोज फक्त फरक उचलायचा. शेवटच्या रात्री थोडंच उरतं.

फोल्डरच्या नावांकडे मी फार लक्ष देतो. आमच्याकडे निम्म्या लोकांचे फोल्डर मराठीत. आयमॅप ती नावं एका जुन्या सांकेतिक लिपीत साठवतं. डिस्कवर बघितलं तर अँपरसँडने सुरू होणारी रोमन अक्षरांची ओळ दिसते. ती कचरा समजून कोणी ‘साफ’ केली तर फोल्डर गेलं. त्यातून स्टोअरवाले ‘मे. अमुक ट्रेडर्स’ असं फोल्डर करतात. सर्व्हरवर पत्रं साठवायच्या मेलडिर पद्धतीत टिंब म्हणजे फोल्डरच्या आतलं फोल्डर. मग ‘मे’ नावाचा एक पालक उभा राहतो आणि सगळे पुरवठादार त्याच्या पोटात जातात. अशी नावं आधी शोधायची आणि बदल फोल्डरच्या मालकाला विचारून करायचा. त्यांचं घर त्यांना ओळखू यायला हवं.

पॉपवर, म्हणजे टपाल आपल्याकडे उतरवून घेण्याच्या जुन्या पद्धतीवर, चालणारा एखादा जुना संगणक हमखास निघतो. पत्रांचे क्रमांक बदलले की तो सगळं टपाल नव्याने उतरवून घेतो आणि माणसासमोर दहा वर्षांचे मेल पुन्हा ‘आत्ता आले’ म्हणून उभे राहतात. डोव्हकॉट या मेल सर्व्हरवरून डोव्हकॉटवरच जात असू तर त्याचं डीसिंक हे क्रमांक टिकवतं. पासवर्डचंही तसंच: जुने हॅश जसेच्या तसे नेले तर कोणालाच नवा पासवर्ड टाकावा लागत नाही. सर्व्हरचं नाव तेच ठेवलं, प्रमाणपत्र त्याच नावाचं असलं, तर फोनलाही काही सांगावं लागत नाही.

जावक टपालाचा विचार लोक शेवटी करतात, तो आधी करावा. आपल्या नावाने मेल कोण पाठवू शकतो हे सांगणाऱ्या एसपीएफच्या नोंदीत नव्या सर्व्हरचा आयपी जुन्याच्या जोडीला आधीच घालायचा. आयपीवरून नाव सांगणारी उलट नोंद, म्हणजे पीटीआर, इंटरनेट पुरवणाऱ्याकडून करून घ्यायची, आणि तिला वेळ लागतो हे धरून चालायचं. नाहीतर इन्व्हॉइस जातं, २५० मिळतो, आणि ते ग्राहकाच्या स्पॅममध्ये पडून राहतं.

बदल झाल्यानंतर मी जुन्या सर्व्हरचा लॉग रोज वाचतो. तिथे माणसं नसतात, यंत्रं असतात: कागद स्कॅन करून मेल करणारा झेरॉक्स, हजेरीचं यंत्र, यूपीएस, कोणी कधीतरी लिहिलेली बॅकअपची स्क्रिप्ट. त्यांच्यात नावाऐवजी थेट आयपी लिहिलेला असतो, आणि कुठल्याही यादीत ती सापडत नाहीत. एकेकाला शोधून नव्या नावावर आणायचं. यूपीएसचा इशारा कोणाला पोचत नाही हे बॅटरी संपल्यावर कळण्यापेक्षा लॉगमध्ये कळलेलं बरं. महिनाभर कोणी फिरकलं नाही की जुना बंद करतो. डिस्क मात्र पुढचं ऑडिट होईपर्यंत कपाटात कुलपात ठेवतो. २०१७ सालचं एखादं पत्र मागितलं जातं ते नेमकं तेव्हाच.