श्वाइनफुर्टहून ताईस

प्रिय ताई,


‘एवढी शिकलेली, अनुभवी मुलगी घरी काय बसली आहेस? नवऱ्याला म्हणावं, म्युनिकला बदली माग,’ असं तू लिहिलंस. त्यामागची काळजी मला कळते. पण मी नोकरी इथेच शोधणार आहे. का, ते नीट सांगते. फोनवर आई शेजारी असली की हे बोलणं राहूनच जातं.

श्वाइनफुर्ट हे माइन नदीकाठचं, साधारण 54 हजार वस्तीचं गाव. पण 1883 मध्ये फ्रीडरिश फिशर यांनी पोलादी गोळ्या अगदी एकसारख्या घासणारं यंत्र इथे बनवलं आणि त्यातून बॉल बेअरिंगचा धंदा उभा राहिला. चिंचवडला मी ज्या धंद्यात वाढले, त्याचं हे माहेर. एसकेएफचा कारखाना तिकडे चिंचवडला आहे तसा इथेही आहे. शिवाय शेफ्लर आहे, झेडएफ आहे. मायक्रॉनच्या हिशेबात बोलणारी माणसं सोडून मी म्युनिकला कशाला जाऊ?

दिवस मात्र बरे नाहीत. जर्मनीतल्या 14 हजारांपर्यंत जागा 2028 पर्यंत कमी करणार, असं झेडएफने 2024 मध्ये जाहीर केलं; त्याच वर्षी शेफ्लरनेही कपात जाहीर केली. म्हणून माझी नजर आजूबाजूच्या छोट्या कारखान्यांवर आहे. जाहिरात नसतानाही आपणहून अर्ज पाठवायची इथे रीत आहे, आणि माझा भरवसा त्याच वाटेवर आहे.

कायद्याची आडकाठी नाही. माझ्या व्हिसावर नोकरीची मुभा आहे. डॉक्टर, नर्स, शाळेतले शिक्षक यांना पदवीची मान्यता घ्यावी लागते, माझ्या क्वालिटीच्या कामाला ती सक्ती नाही. अडतं ते जर्मनवर. बर्लिनच्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत इंग्रजीवर भागत असेल. इथे ग्राइंडिंगवरचा कामगार आपल्या फ्रँकोनियन बोलीत सांगणार, की मशीन तापलं आणि माप सरकायला लागलं. ते ज्या क्वालिटीवालीला कळलं नाही, तिचा त्या कारखान्याला काय उपयोग? सरकारी इंटिग्रेशन कोर्समध्ये भाषेचे 600 तास असतात आणि तो बी1 पातळीपर्यंत नेतो. मला बी2 तरी हवं. म्हणून हे वर्ष मी भाषेला दिलं आहे.

तोवर मिळेल ते काम घे, असं तुझं म्हणणं. गोदामात, सुपरमार्केटात मिनीजॉब असतात. 2025 मध्ये त्यांची कमाईची मर्यादा महिन्याला 556 युरो होती. त्या कामात कमीपणा नाही, आणि ज्यांना गरज आहे त्यांनी ते घ्यावंच. आमचं एका पगारात भागतं. तात्पुरतं म्हणून तिथे शिरलेल्या आणि तिथेच राहिलेल्या शिकलेल्या बायका मी इथे पाहते. खोकी उचलून आल्यावर संध्याकाळी व्याकरण डोक्यात शिरत नाही, ताई. हातातलं कसब असं गंजू द्यायला मी तयार नाही.

इथल्या बाजारचौकात फ्रीडरिश र्‍युकर्ट या कवीचा पुतळा आहे. 1788 मध्ये तो याच गावात जन्मला, संस्कृत शिकला आणि आपल्या नल-दमयंतीची कथा त्याने जर्मन कवितेत आणली. अभ्यासाचा कंटाळा आला की मी मुद्दाम त्या चौकातून जाते.

आता तुझ्याकडे एक काम. अर्जाबरोबर इथे जुन्या मालकाचं सविस्तर प्रशस्तिपत्र जोडतात: काय काम केलं, कसं केलं, वागणूक कशी होती. आपल्याकडच्या अनुभवपत्रात हुद्दा आणि तारखा यापलीकडे काही नसतं. माझ्या जुन्या साहेबांना मी मेल केला आहे, पण कुणी समोर जाऊन बसल्याशिवाय ते हलायचं नाही. तू जा. मी कोणत्या गेजवर, कोणत्या ग्राहकांसाठी काम केलं, माझ्या हाताखाली किती माणसं होती, रिजेक्शन कसं खाली आणलं, हे सगळं लेटरहेडवर, इंग्रजीत, सही-शिक्क्यासह हवं. स्कॅन करून लगेच पाठव आणि मूळ प्रत तुझ्या कपाटात ठेव.

तुझी,
धाकटी