मोबाइलवरचा आकडा आणि मुळशीचा पाऊस

मूल्यांकनासाठी पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यातला एखादा बंगला बघायला गेलं, की हल्ली मालक दारातच मोबाइल पुढे करतात. "साहेब, यावर घराची किंमत एक कोटी चाळीस लाख दाखवतंय." मग स्वयंपाकघर दाखवतात. नव्या ट्रॉल्या, काळा ग्रॅनाइट, छताला पीओपी. खर्च बारा लाख. मनातल्या मनात बेरीज झालेली असते : एक कोटी बावन्न लाख. या बेरजेवर लोक कर्ज काढतात, भावाभावांच्या वाटण्या ठरवतात, म्हणून ती कुठे फसते हे सांगायलाच हवं.

मोबाइलवरचा आकडा बऱ्याच अंशी आसपासच्या जाहिरातींतून येतो. जाहिरातीत असते ती मागणी. सौदा ठरतो तो वेगळ्याच रकमेला. झालेल्या व्यवहारांची नोंद दस्तनोंदणीच्या इंडेक्स टूमध्ये सापडते, पण दस्तातली रक्कमही अनेकदा रेडी रेकनरच्या सरकारी दराला धरून लिहिलेली असते. हिंजवडी-माणच्या टॉवरमध्ये एकसारखे शेकडो फ्लॅट असतात, तिथे हा अंदाज बऱ्यापैकी जवळ जातो. पौड ओलांडून कोळवण खोऱ्यात शिरलं, की शेजारशेजारचे दोन बंगलेसुद्धा सारखे निघत नाहीत. एकाचा सातबारा स्वतंत्र, दुसऱ्याचं नाव दहा जणांसोबत सामायिक. एकाला नकाशावरचा रस्ता, दुसरा शेजाऱ्याच्या बांधावरून येतो-जातो. एकाच्या बोअरला मे महिन्यातही पाणी, दुसरा टँकरवर. यातलं काहीच त्या आकड्यात उतरत नाही.

अमेरिकेत झिलो ही कंपनी २००६पासून असे अंदाज देते आहे, आणि तिथे बहुतेक राज्यांत विक्रीची खरी किंमत सार्वजनिक असते. त्या कंपनीने स्वतः घरं विकत घेऊन पुन्हा विकण्याचा धंदा सुरू केला आणि नोव्हेंबर २०२१मध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. किमती पुढे कुठे जातील याचा भरवसा देता येत नाही, असं कारण तिनेच दिलं. एवढी माहिती हाताशी असून ही गत, तर आपल्याकडच्या आकड्याला फार तर चौकशीची सुरुवात मानावं.

आता सुधारणांकडे येऊ. बंगल्याची किंमत आम्ही दोन भागांत काढतो, जमिनीची वेगळी आणि बांधकामाची वेगळी. जमिनीचा भाव चढतो, बांधकामाचा उतरतो. आरसीसी बांधकामाचं आयुष्य साधारण ६० वर्षं आणि शेवटी उरणारं मोल १० टक्के धरलं, तर घसारा वर्षाला दीड टक्का; वीस वर्षांच्या बंगल्याच्या बांधकामातून ३० टक्के वजा. ट्रॉल्या आणि पीओपी त्याहून कितीतरी लवकर जुने होतात. शिवाय घेणाऱ्याची आवड वेगळी असली, तर तो ते काढूनच टाकतो. स्वतःच्या सुखासाठी खर्च करायला माझी मुळीच हरकत नाही. जिथे रोज राबायचं ते स्वयंपाकघर चांगलंच हवं. फक्त तो खर्च विक्रीत परत मागू नये.

या तालुक्यात पैसा वसूल होतो तो पावसाचं पाणी घराबाहेर ठेवण्यात. पिरंगुटच्या कितीतरी पट पाऊस ताम्हिणीला पडतो, आणि पश्चिमेकडे सरकावं तसा स्लॅबवरचा मार वाढतो. मी घरात शिरलो की आधी वर बघतो. छताला पिवळे डाग, भिंतींना पोपडे, तुळईखाली गंजलेली सळई उघडी पडलेली, असं दिसलं की ग्रॅनाइटचं कौतुक तिथेच थांबतं. गच्चीवरचा कोबा, कठड्याच्या कडेचे सांधे, पन्हळी, घरामागच्या डोंगराचं पाणी वळवणारा चर, यांतलं काहीही फोटोत शोभून दिसत नाही. पण पावसाळ्यात घर बघायला आलेल्या गिऱ्हाइकाने भिंतीला हात लावला आणि तो कोरडा राहिला, तर घासाघीस निम्म्यावर येते. माझा आग्रह असतो, घर घ्यायचं असेल तर जुलैत बघा.

वाढीव बांधकामाची गोष्ट जास्त जिव्हारी लागते. मुलासाठी वरती दोन खोल्या चढवलेल्या असतात, आयुष्याची बचत त्यात गेलेली असते आणि मंजूर नकाशात त्या नसतात. बँका असं बांधकाम सहसा किमतीत धरत नाहीत. कधी तर त्यापायी कर्जच अडतं. मुळशीच्या बऱ्याच भागात आज परवानगी पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, मागावी लागते. सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक २०२१मध्ये पुणे महापालिकेत गेली, तिथलं दार वेगळं. गवंडी ठरवण्याआधी त्या दारात जावं. गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडलासुद्धा परवानगी लागते का, ते तिथेच विचारून घ्यावं. ती शेड मी चटईक्षेत्रात मोजत नाही, पण तिच्यामुळे खालचा स्लॅब कोरडा राहिला असेल, तर बांधकामाची अवस्था लिहिताना ते नक्की नोंदवतो.

आणि पावत्या जपा. घर विकल्यावर भांडवली नफा काढताना सुधारणेचा खर्च वजा मिळतो. नुसती रंगरंगोटी आणि किरकोळ डागडुजी त्यात बसत नाही, रीतसर वाढवलेली खोली बसते. सिमेंट-सळईची बिलं दुकानदाराकडे मिळतील, पण रोख दिलेल्या मजुरीची पावती गवंडी दहा वर्षांनी कुठून देणार? ती हिशेब चुकता करतानाच सहीनिशी घ्यावी आणि खरेदीखतासोबत ठेवावी.