चार नंबर आला नाही!

बालमित्रांनो, तुम्ही कधी गाडीच्या गर्दीत हरवला आहात का? मी हरवलो आहे.

गोष्ट १९९१ सालची, गणपतीच्या आदल्या आठवड्यातली. दादरला खरेदी करून आम्ही पाच जण भाईंदरला परत निघालो होतो. विरार गाडीची गर्दी म्हणजे काय, ते आपल्या आईबाबांना विचारा! आई आणि ताई बायकांच्या डब्यात चढल्या, बाबा धाकट्याला कडेवर घेऊन पुढे घुसले आणि मी लोटालोटीत भलत्याच डब्यात. बाबांनी आधीच बजावलं होतं, "चुकामूक झाली तर भाईंदरला तिकीट खिडकीपाशी थांबायचं." तिथे बाबांनी नेहमीसारखी मोजदाद केली. एक, दोन, तीन... पाच! चार नंबर, म्हणजे अस्मादिक, दाराशी पोहोचेपर्यंत गाडी सुटली होती आणि खाली वसईच्या खाडीचं पाणी दिसत होतं.

पुढे संगणक शिकताना मला ही मोजदाद पुन्हा भेटली. तुम्ही परदेशातल्या मावशीला फोटो पाठवता ना, तो अख्खा जातच नाही. त्याचे शेकडो तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. एकेक साधारण दीड हजार बाइटचं. प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो, शिवाय तुकड्यांचा क्रम कळेल असा आकडाही. वाटेत राउटर नावाची यंत्रं असतात. गंमत अशी, की राउटरला सगळा रस्ता ठाऊक नसतो! तो पत्ता वाचतो आणि फक्त 'पुढचं स्टेशन' दाखवतो. म्हणून एकाच फोटोचे तुकडे निरनिराळ्या वाटांनी जाऊ शकतात, मागेपुढे पोहोचतात. मुंबईच्या किनाऱ्यावरून समुद्राच्या तळाशी केबल गेल्या आहेत. त्यांच्या काचेच्या तंतूंमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो.

पलीकडचा संगणक तुकडे क्रमाने लावतो आणि मिळाल्याची पोच देतो. चार नंबरची पोच आली नाही, तर इकडचा संगणक थोडा वेळ थांबतो आणि तो तुकडा पुन्हा पाठवतो. पोच येईपर्यंत त्याने प्रत जपून ठेवलेली असते. ही शिस्त विंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली मांडली. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तेव्हा ते फोनच्या तारेतून यायचं आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकून पडायचा!

पण आईजवळ माझी दुसरी प्रत कुठे होती? नायगावला एका काकूंनी मला उतरवलं, परतीच्या गाडीत बसवलं. भाईंदरला आलो तर आई तिकीट खिडकीपाशी नव्हतीच. फलाटाच्या अगदी टोकाला, खाडीकडे तोंड करून उभी होती. आधी पाठीत धपाटा बसला. मग घर येईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही.

आता आई भाईंदरहून टोरांटोच्या नातवाशी व्हिडिओवर बोलते. मधेच त्याच्या चेहऱ्याचे चौकोन होतात. मी तिला समजावलं, "अगं, बोलताना हरवलेल्या तुकड्याची बहुधा वाट बघत नाहीत. उशिरा आला तर त्याचा उपयोग नसतो."

"वाट बघत नाहीत?" आई म्हणाली. "हे काही मला पटत नाही हं!"