अग्नीचा पल्ला आणि भंगाराचा भाव

अणुसुरक्षेच्या धोरणावर काम करायचं असं मी ठरवलं, तेव्हा ते काम नेमकं काय असतं याची मला कल्पना नव्हती. नाद लागला होता तो क्षेपणास्त्रांचा. यवतमाळला बी.एस्सी. करताना अग्नी-५चा पल्ला पाच हजार किलोमीटरच्या पुढे जातो, पोखरणचे स्फोट १९९८च्या मे महिन्यात ११ आणि १३ तारखेला झाले, अण्वस्त्र आपण आधी वापरणार नाही हे धोरण जानेवारी २००३मध्ये अधिकृत झालं, हे सगळं मला तोंडपाठ होतं. वर्गात कुणी विचारत नव्हतं तरी मी सांगत असे.

२०१७च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात कपाशी माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढली होती. फवारा वरून अंगावर येत होता. वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर फवारणीच्या विषबाधेनं गेले, शेकडो माणसं दवाखान्यात भरती झाली. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं, काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी आली. आमच्या दारव्हा तालुक्यातल्या गावातही दोन घरांत रडारड होती, आणि मी खाटेवर बसून अमेरिका-रशिया करारांचे सन पाठ करत होते. घातक वस्तू शेवटी कुणाच्या हातात जाते, डब्यावरचं बारीक अक्षर कोण वाचतं, नियम लिहिणारा बांधावर कधी येतो का, या प्रश्नांशी माझ्या विषयाचा काही संबंध असेल असं मला वाटलंच नाही. ही माझी सगळ्यात मोठी चूक, आणि ती मला सगळ्यात उशिरा कळली.

मग दिल्ली. आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. प्रबंधिकेला विषय घेतला तोच, ‘आधी वापर नाही’. त्यावर आधीच इतक्या जणांनी लिहून ठेवलं होतं की माझ्या पानांची गरज कुणालाच नव्हती, बहुधा माझ्या मार्गदर्शकांनाही नव्हती. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या बाईंनी सहज विचारलं, “सुरक्षा परिषदेचा १५४० क्रमांकाचा ठराव कशाबद्दल आहे?” मी ठामपणे सांगितलं, “इराणवरचे निर्बंध.” बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. २००४चा तो ठराव सगळ्या देशांना सांगतो, की अण्वस्त्रं, रासायनिक आणि जैविक शस्त्रं आणि त्यांना लागणारा माल दहशतवाद्यांसारख्या बिगरसरकारी लोकांच्या हाती जाऊ नये म्हणून कायदे करा, हिशेब ठेवा, सीमेवर तपासा. भारतानं २००५मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला. म्हणजे ज्या क्षेत्रात मला जायचं होतं त्याचा पायाच मला ठाऊक नव्हता. अणुसुरक्षा म्हणजे चोरी, घातपात, बेकायदा हस्तांतर यांपासून अणुसामग्री आणि किरणोत्सारी पदार्थ जपणं. त्यात क्षेपणास्त्रांच्या पल्ल्याला फारसं काम नाही.

तरी मी अर्ज करत सुटले. व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं मुख्यालय आहे एवढं कळल्यावर तिथल्या अशा जागांसाठीही अर्ज केले, ज्यांना अनेक वर्षांचा अनुभव लागतो. एका परदेशी संस्थेचं काम होतं रुग्णालयांतले कोबाल्टचे स्रोत सुरक्षित करणं, आणि माझ्या पत्रात होतं भारत-पाकिस्तान अण्वस्त्र समतोलाचं पुराण. उत्तर आलं नाही. येणार कसं? आणि जे माझ्यासाठी होतं तिकडे मी पाहिलं नाही. २०२०मध्ये त्याच अणुऊर्जा संस्थेनं मारी स्क्लोदोव्स्का-क्यूरी यांच्या नावानं मुलींसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. शिक्षणशुल्काला वर्षाला दहा हजार युरोपर्यंत आणि राहण्याखाण्याला तेवढेच. ती इंजिनिअर मुलींसाठीच असणार असं मी परस्पर ठरवलं. अणुसुरक्षा आणि अण्वस्त्रप्रसारबंदी शिकणाऱ्या मुलींनाही ती मिळते, हे माझं एम.ए. संपल्यावर कळलं. ती एम.ए. करतानाच मिळते.

टाळेबंदीत गावी परतले. बाबा रोज एकच विचारत, “तू नोकरी करून राहिली का परीक्षा देऊन राहिली, ते तरी सांग. लोकं इचारतात पोरगी काय करते, तं मी काय सांगू?” मलाही सांगता येत नव्हतं. अशात मे २०२१मध्ये बातमी आली. महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकानं मुंबईत दोघांना पकडलं, त्यांच्याकडे ७.१ किलो युरेनियम, किंमत २१ कोटींच्या पुढे, आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तपासणीत ते नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्ध निघालं. मी त्याच रात्री लेख लिहिला. अण्वस्त्राला नव्वद टक्क्यांचं युरेनियम लागतं, आणि ते आता आपल्या गल्लीत पोहोचलं आहे, असा एकूण सूर. एका पुरवणीनं तो छापला. गावात माझी थोडी इज्जत वाढली.

आठवडाभरात ट्रॉम्ब्याच्या भाभा केंद्रातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचं पत्र आलं. दीड पान, सुवाच्य अक्षर, एकही चढा शब्द नाही. त्यांनी लिहिलं होतं, की शुद्धता वेगळी आणि समृद्धी वेगळी. पकडलेलं युरेनियम नैसर्गिक होतं. त्यात युरेनियम-२३५ हा विखंडनक्षम भाग जेमतेम ०.७ टक्का. शस्त्रासाठी म्हणतात ते नव्वद टक्के या भागाचे असतात, धातूच्या स्वच्छतेचे नव्हेत. असलंच नैसर्गिक युरेनियम तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत इंधन म्हणून जळतं, आणि ७.१ किलोचा बॉम्ब होत नाही. मला लाज वाटली ती वेगळ्याच कारणानं. मी कापसाच्या घरातली. जिनिंगवर रुईत कचरा किती टक्के हे एक मोजतात आणि धाग्याची लांबी दुसरी, आणि गाठ कितीही स्वच्छ असली तरी आखूड धाग्याचा कापूस लांब होत नाही, हे मला दहाव्या वर्षी कळत होतं. पदवी तर भौतिकशास्त्राचीच होती. चूक ज्ञानाची नव्हती, घाईची होती. नव्वद हा आकडा दिसला आणि मला हवी ती गोष्ट सापडली.

पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलं होतं, ‘इतकं युरेनियम भंगारात आलं कसं, हा प्रश्न आपण का विचारला नाही?’ सोबत वाचायला काय काय घ्यावं तेही लिहिलं होतं. भारतात अणुविषयक सगळं गुप्त असतं, वाचायला काही मिळत नाही, असं मी तोवर बिनदिक्कत म्हणत असे. माहितीच्या अधिकारात मी मागितलं काय होतं, तर तारापूरला पहाऱ्यावर किती जवान आहेत! तो अर्ज फेटाळला गेला हे योग्यच झालं. उलट अणुऊर्जा नियामक मंडळाचे वार्षिक अहवाल उघड आहेत, आंतरराष्ट्रीय संस्थेची अणुसुरक्षेवरची पुस्तकमाला फुकट मिळते, आणि २०१२चा ‘कॅग’चा अहवाल तर कादंबरीसारखा वाचला मी. देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी नियामक मंडळाकडे नोंद होती फक्त ५,२७० केंद्रांची. एक्स-रे यंत्रात किरणोत्सारी पदार्थ नसतो, त्यामुळे तिथे चोरीची भीती नाही. पण मोजदादच नसेल तर बाकीचं काय, हा प्रश्न मनात बसला.

दिल्लीतल्या मायापुरी भंगारबाजाराचं प्रकरण मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं कित्येक वर्षं बंद पडलेलं कोबाल्ट-६०चं यंत्र २०१०मध्ये लिलावात भंगारवाल्यांनी घेतलं, फोडलं. एक माणूस मेला, बाकीचे भाजले, आजारी पडले. त्याआधी १९८७मध्ये ब्राझीलच्या गोइआनियात ओसाड पडलेल्या दवाखान्यातून सीझियम-१३७चं यंत्र असंच उचललं गेलं. आतली निळी चमकणारी पूड लोकांनी कौतुकानं वाटून घेतली. चौघांचा जीव गेला, एक लाखावर माणसं तपासावी लागली. दोन्हीकडे कुणाला बॉम्ब करायचा नव्हता. धातूचे पैसे हवे होते. किरण अडवण्यासाठी स्रोताभोवती जड, महाग शिसं असतं, आणि तेच भंगारवाल्याला बोलावतं.

एवढं वाचून माझ्या अंगात आलं. वणी भागात कोळसा आहे, सिमेंट आहे. अशा कारखान्यांत बंद हॉपरमध्ये माल किती भरला हे पाहायला सीझियमचे गेज लावतात. मी एका कारखान्याच्या फाटकावर गेले आणि पहारेकऱ्याला विचारलं, “तुमच्याकडे किरणोत्सारी स्रोत आहे का? कुठे ठेवता? रात्री तिथे कोण असतं?”

त्यानं मला बसवून घेतलं. आधार कार्ड, फोन, बॅग, सगळं टेबलावर. चोर जे तीन प्रश्न विचारील तेच मी विचारले होते, तेही त्याच क्रमानं. मी अणुसुरक्षेची अभ्यासक आहे असं म्हटलं, तर तो म्हणाला, “म्हनूनच बसवलं, म्याडम.” तासाभरानं कारखान्याचे किरण सुरक्षा अधिकारी आले. रागावले, मग चहा मागवला. स्रोताची जागा त्यांनी सांगितली नाही. कागदपत्रांची वाट मात्र समजावली: परवाना ऑनलाइन कसा घेतात, नोंदवही कशी ठेवतात, स्रोत निकामी झाला की पुरवठादाराकडे परत कसा पाठवतात. त्यांना चिंता होती चालू कारखान्याची नाही, बंद पडणाऱ्याची. पगार थकतात, अनुभवी माणसं सोडून जातात, सामान विकायला निघतं, आणि त्या डब्यात काय आहे हे ज्याला माहीत होतं तोच तिथे नसतो.

त्या चहावर मी जे टिपण लिहिलं त्यानं मला काम मिळालं. दिल्लीतल्या एका छोट्या संशोधन गटात, कंत्राटावर, पगार बेताचा. या वाटेला लागू पाहणाऱ्या मुलामुलींना मी आता एवढंच सांगते, की क्षेत्राचा नकाशा आधी बघा, मग नाद करा. कायदा, हिशेबतपासणी, सीमाशुल्क, रुग्णालयाचं व्यवस्थापन, कुठूनही इथे शिरता येतं. मी मात्र ज्या दारावर सगळ्यात मोठी रांग होती तिथेच उभी राहिले.

चुका नोकरीत संपल्या असं नाही. पहिल्याच वर्षी मी शिफारस लिहिली, की कर्करोगावरची कोबाल्टची सगळी यंत्रं काढून लिनॅक, म्हणजे विजेवर किरण तयार करणारी यंत्रं, बसवावीत. जगभर तसा विचार चालू आहे, आणि तर्क सरळ आहे, स्रोतच नाही तर चोरी कसली. आमच्या गटातल्या वयानं मोठ्या सहकारी बाईंनी मसुदा वाचला आणि विचारलं, “तुझ्या जिल्ह्यात शेक घ्यायला लोक कुठे जातात?” नागपूरला. माझी आत्या गेली होती. पंचवीस-तीस फेऱ्या म्हणून तिथेच धर्मशाळेत राहिली, आणि शेक मिळाला कोबाल्टच्याच यंत्रावर. लिनॅकला स्थिर वीज लागते, थंड ठेवण्याची व्यवस्था लागते, बिघडला तर कुशल माणूस लागतो. कोबाल्टचं यंत्र कमी लाडात चालतं. म्हणून तर भाभा केंद्रानं ‘भाभाट्रॉन’ केलं. माझ्या शिफारशीनं दिल्लीत कागद सुंदर दिसला असता आणि आत्यासारखी एखादी रांगेत वाट पाहत राहिली असती. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या मुलीला हे दुसऱ्यानं सांगावं लागलं. आम्ही मग ‘टप्प्याटप्प्यानं, आणि तोवर कुलूप, कॅमेरा, अलार्म’ असं लिहिलं. त्यातही मला पूर्ण समाधान नाही.

गेल्या वर्षी यवतमाळला भंगार व्यावसायिकांसाठी एक माहितीपत्रक घेऊन गेले. तीन पाकळ्यांचं चिन्ह, जड डबा, हात लावू नका, लांब व्हा, कळवा. मराठी सोपं होतं, चित्रं चांगली होती. एका म्हाताऱ्या दुकानदारानं ते उलटसुलट करून पाहिलं.

“ताई, मी माल वजनावर घेतो. शिसं असंल तं रोख पैसे देऊन घेतो. तुमाले फोन केला तं माल गेला. पैसे कोन देनार? अन् पोलिसायनं पयले मलेच बसवलं तं?”

मी म्हटलं, कळवणाऱ्याला त्रास होऊ नये अशी आमची भूमिका आहे.

“भूमिका नोको सांगू,” तो म्हणाला, “कागदावर कुठं लिवलं ते दाखव.”

पत्रकात ते नव्हतं. आमच्या मसुद्यातही नव्हतं. दिल्लीला परतल्यावर मी नुकसानभरपाईचं कलम सुचवलं. ती भरपाई देणार कोण, राज्य की केंद्र की ज्याचा स्रोत हरवला तो, यावर आमच्या बैठका अजून चालू आहेत.