उंदराचे पाय

कोणकोणत्या वस्तू विकत घेण्यासाठी आपल्याला घराबाहेर पडावे लागेल, हे कुणाच्याही कुंडलीत लिहिलेले नसते. अंगठी, पाळणा, चष्मा, कवळी येथपर्यंत माझा क्रम अगदी रीतसर चालला होता. परंतु वयाच्या ७१ व्या वर्षी एका उंदरासाठी सतरंजी शोधत लॅमिंग्टन रोडवर हिंडावे लागेल, असे कुणी सांगितले असते तर मी त्याला वेड्यात काढले असते.

उंदीर म्हणजे संगणकाचा माऊस आणि सतरंजी म्हणजे त्याच्या खालचा पॅड, हे सुज्ञ वाचकांनी ओळखलेच असेल.

त्याचे असे झाले. आमच्या सौभाग्यवतींनी तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. दर दिवाळीला चाळीस शुभेच्छापत्रे स्वतः रंगवून पाठवायची, हा त्यांचा नेम. दोन वर्षांपूर्वी संधिवाताने उजव्या हाताची बोटे धरली आणि ब्रश चिमटीत राहीना. तेव्हा पुतण्याने काकूला संगणकावर चित्रे काढायला शिकवले. माऊसला चिमूट लागत नाही, त्याच्यावर नुसता तळवा टेकला की झाले. गेल्या दिवाळीला चाळीस पत्रे वेळेवर गेली. यंदा मात्र गणपती उठले आणि तक्रार सुरू झाली, "अहो, रेघ अडखळते."

मी दुर्लक्ष केले. नवरेपणाची ती जुनी सवय आहे. मग एके दिवशी ती म्हणाली, "यंदा पत्रं राहू देत." चहात साखर नको म्हणावे इतक्या सहजपणे ती हे म्हणाली, आणि त्या सहजपणानेच मी दचकलो.

तरुणपणी मी चाळीतला नावाजलेला कॅरमपटू होतो. जे अडखळते त्यावर पावडर टाकावी, एवढे शास्त्र मला ठाऊक होते. दुपारी ती झोपली असता मी डबी शोधून जुन्या पॅडवर सढळ हाताने पावडर भुरभुरली. माऊस सुरेख घसरू लागला. पण पडद्यावरचा बाण मात्र भूत लागल्यासारखा उड्या मारू लागला. पुतण्याने फोनवर खुलासा केला, "काका, माऊसच्या पोटात छोटा कॅमेरा असतो. सेकंदाला हजारो वेळा खालची जमीन टिपतो आणि त्यावरून आपण किती सरकलो ते ओळखतो. तुम्ही त्याच्या डोळ्यात धूळ फेकलीत!"

दुसऱ्या दिवशी मी लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानातल्या पोरसवदा मुलाने पॅडच्या जाती सांगितल्या: कापडी, कडक प्लॅस्टिकचा आणि काचेचा. अमेरिकेत डग्लस एंगलबर्ट यांच्या कल्पनेतून १९६४ च्या सुमारास पहिला माऊस बनला तेव्हा तो लाकडी ठोकळा होता आणि त्याच्या पोटाखाली दोन चाके होती. पुढे चाकांच्या जागी गोळी आली. ती गोळी नीट फिरावी म्हणून पॅडला पकड लागे. आता गोळी गेली, कॅमेरा आला आणि पकडीसाठी जन्मलेला पॅड लोक घसरण्यासाठी विकत घेऊ लागले. "काका, सगळ्यात गुळगुळीत काचेचा," मुलगा म्हणाला. मी तोच घेतला. महाग होता, म्हणून तर जास्तच घ्यावासा वाटला.

घरी आल्यावर तिने दोन रेघा ओढल्या आणि हात उचलला. "गार लागतो हो. आणि थांबायचं तिथं थांबत नाही. पणतीची ज्योत काढते आहे, की घसरगुंडी?"

मला थोडा राग आला. मग वाटले, पॅड हिच्या हातासाठी हवा, आणि तो हात मी घरी ठेवून गेलो होतो! ज्याच्या पायात जायचे त्याला न नेता आपण चपला कधी आणतो काय?

तिसऱ्या दिवशी आम्ही जोडीने गेलो. तिने सोबत आपला माऊसही घेतला. मुलाने तो उलटा केला आणि हसला. "आजी, याचे पाय झिजलेत!" माऊसच्या तळाला टेफ्लॉनच्या गुळगुळीत चकत्या असतात, न चिकटणाऱ्या तव्याला जो लेप असतो तीच जात. त्या झिजून खालचे प्लॅस्टिक घासत होते. चार नवे पाय किरकोळ पैशांत बसले.

मग पॅडची परीक्षा झाली. स्थिर वस्तू हलवायला जितका जोर लागतो तितका ती सरकती ठेवायला लागत नाही, हे आम्ही शाळेत शिकलो होतो. बारीक रेघेत हात पुन्हा पुन्हा थांबतो आणि दर वेळी नवा जोर मागतो. दुखरा हात दमतो तो तेथे. तिने डोळे मिटले आणि एकेका पॅडवर माऊस हलकेच, तसूतसूने सरकवून पाहिला. शेवटी काच नाही, कडक प्लॅस्टिक नाही, तर घट्ट, बारीक विणीचा एक कापडी पॅड तिने निवडला. सहज निघणारा आणि हवे तिथे थांबणारा. कोपरापर्यंत हात टेकेल इतका तो ऐसपैस आहे, त्यामुळे मनगटाऐवजी सगळा हातच सरकतो. पावसाळ्यात कापड दमट होऊन जड चालते, असे मुलाने बजावले. त्यावर ती म्हणाली, "पावसाळ्यात मीही जडच चालते."

त्या रात्री स्वयंपाकघर आवरून ती संगणकापुढे बसली. मी वर्तमानपत्राआडून पाहत होतो. पणतीची ज्योत एका दमात, न अडखळता वर गेली आणि टोकाशी नेमकी थांबली. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

काचेचा पॅड आता जेवणाच्या टेबलावर गरम पातेल्याखाली असतो. त्याच्या किमतीचा विषय घरात निघत नाही. यंदाची चाळीस पत्रे पोस्टात पडली आहेत. एक्केचाळिसावे माझ्या उशाशी सापडले. त्यावर पणती आहे, आणि खाली कोपऱ्यात एक इवलासा उंदीर. त्याचे चारही पाय अगदी नीट काढले आहेत.