आधी सोळाशे मीटर

पॅरा एसएफमध्ये, म्हणजे लष्कराच्या पॅराशूट रेजिमेंटच्या स्पेशल फोर्सेसमध्ये जायचं, तर सुरुवात कुठून करायची, हे बोरी अरबात विचारावं तरी कोणाला? दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर पहाटे धावणारी पोरं पुष्कळ आहेत. त्यातल्या बहुतेकांना पोलीस भरती काढायची आहे, उरलेल्यांना जी निघेल ती. मला पॅराची मरून टोपी हवी होती. मोबाइलवरचे गुरू सांगत होते, पाठीवर वजन घेऊन पळ, झोप कमी कर, बर्फाच्या पाण्यात बस. आमच्याकडे एप्रिलात टाकीचं पाणीसुद्धा कढत येतं, तो भाग वेगळा. सोयाबीनच्या कट्ट्यात माती भरून मी पळायला लागलो, तर आईला वाटलं कोणाच्या बांधावर माती टाकायला निघालो.

शेवटी गावातल्या एका निवृत्त सुभेदार काकांकडे गेलो. ते कामठीच्या गार्ड्स सेंटरमधून तयार झालेले. मी एसएफचं नाव काढलं, तर म्हणाले, “थे मंग पाहू. दहावीले गणितात किती पडले होते तुले?”

मी गोंधळलोच. कमांडोला गणित कशाला? पण आता शिपाई व्हायचं तर अग्निवीर भरतीतून, आणि तिची लेखी परीक्षा आधी असते, मैदान नंतर. जनरल ड्यूटीला तासाभरात पन्नास प्रश्न, बरोबरला दोन गुण, चुकला की अर्धा कापला. मराठीतही देता येते, हे ऐकून जरा जीवात जीव आला. ती निघाली तरच मैदान. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारले तर साठ गुण, दहा बीम, म्हणजे पुल-अप, काढले तर चाळीस. नऊ फुटांचा खड्डा उडी मारून पार करायचा, नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालायचं.

मग काकांनी मला उन्हात उभं केलं. गुडघे जोडून पाहिले, तळपाय पाहिले, तोंड उघडायला लावलं, कानात डोकावले. “मळ हाय. डॉक्टरकडून काढून घे. यानंच किती पोट्टे मेडिकलले लटकते.” आणि दंडावर गोंदून घ्यायचा माझा बेत होता, तोही त्यांनी मोडला; गोंदण कोपराच्या खाली, आतल्या बाजूला नाहीतर तळहाताच्या मागेच चालतं.

एसएफचं काय, ते मी पुन्हा विचारलं तेव्हा कुठे उलगडा झाला. मरून टोपी साऱ्या पॅरा रेजिमेंटची; ‘बलिदान’ बिल्ला मात्र एसएफचाच. आधी शिपाई व्हायचं, मग स्वतःहून नाव द्यायचं. त्यानंतर पलटणीत महिनोन्महिने प्रोबेशन, आणि त्यातून बहुतेक जण परत पाठवले जातात. विमानातून उड्या मारायला आग्र्याला शिकवतात. त्यातली एक रात्रीची.

काका खुलले ते मराठा पलटणींवर आल्यावर. बांगलादेश युद्धात ११ डिसेंबर १९७१ला पॅराशूटने टांगाईलवर उतरलेली २ पॅरा मुळात मराठा पलटण. २१ पॅरा एसएफही मराठा लाइट इन्फंट्रीतूनच निघालेली, आणि २०१५मध्ये कुपवाड्यात शहीद झालेले साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक तिचेच. हे सगळं ते वाड्यातल्या पाहुण्याची ओळख करून द्यावी तसं सांगत होते.

बाबांचा प्रश्न निराळाच आहे. चार वर्षांनी चौघा अग्निवीरांतला एकच ठेवतात, बाकी तिघांनी काय करायचं? मला उत्तर देता आलं नाही. काकांनाही आलं नाही. त्यांनी चहा मागवला.

सध्या मातीचा कट्टा गोठ्यात पडून आहे. “बिनावजनाचं त साडेपाचात येऊ दे पहिले,” असा काकांचा हुकूम आहे. बीमसाठी कडुनिंबाच्या फांदीला पाइप बांधलाय. पावसाळ्यात काळ्या मातीत बूट रुतून बसतात, म्हणून धावणं डांबरावरच, ट्रक सांभाळत. आणि रात्री शेकडेवारी, काळ-काम-वेग. दोन नळ टाकी किती तासांत भरतात, हे मला अजून नीट जमत नाही.